चिठ्ठीवरचे बेचाळीस

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला लागले त्या पहिल्या सकाळी तपासणीच्या टेबलाशी एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले दिसले. मला वाटलं, डुलकी लागलीय. समोर ट्यूबलाइट, एका हातात मनगटाएवढी जाड पोलादी पिन आणि दुसऱ्या हाताची करंगळी त्या पिनेतल्या भोकात. जरा वेळानं डोळे न उघडताच ते म्हणाले, "बर हाय," आणि पिन लाल ट्रेमध्ये ठेवली. दुसरी उचलली, करंगळी फिरवली. "बरी हाय." ती निळ्या ट्रेमध्ये.

मी जामखेडहून डिप्लोमा करून आलेली, पण 'बर' आणि 'बरी' यांतच अडकले. धातूला भोक पाडलं की कडेला बारीक, धारदार कुसळ राहतं, त्याला कारखान्यात बर म्हणतात. डोळ्यांना ती दिसतेच असं नाही. आमच्या पिना ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमध्ये जायच्या. पिनेवर रबराची रिंग बसते. बर राहिली तर ती रिंग कापते, तेल गळतं आणि स्टिअरिंग जड होतं. मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या असताना स्टिअरिंग जड झालं तर काय होतं, हे नगर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या गृहस्थांना सगळे नाना म्हणत. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. भंडारदऱ्याच्या बाजूचं एक लहान गाव त्यांचं. तीस वर्षं नगरला काढली, तरी बोलणं गावचंच राहिलं. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "नखं कापलेली हायेत का?" मी हात पुढे केले. "मग बस. डोळे मीट. डोळा फसतो, गेज झिजतं. बोट खोटं बोलत न्हाई."

महिनाभर त्यांनी मला गेजला, म्हणजे माप तपासायच्या हत्याराला, हात लावू दिला नाही. नुसतं बोट. दिवसाकाठी शे-दोनशे पिना मी चाचपायची आणि ते मागून त्याच पिना चाचपून माझे निकाल फिरवायचे. शेवटी एकदा दिवसभरात त्यांना माझा एकही निकाल फिरवता आला नाही, तेव्हा म्हणाले, "आता तुझं बोट कामाला लागलं. पगार बोटाच्या नावावर लावायला सांग."

नानांच्या खिशात पेनाच्या मागे कायम गोळ्यांची पट्टी असायची. आम्लपित्ताची गोळी. पहिली पाळी सातला सुरू व्हायची. गेटमधून आत आले की स्टीलच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर ते गोळी घ्यायचे आणि घड्याळ बघायचे. मग अर्धा तास चहाला शिवायचे नाहीत. साडेसातला कोरा चहा. दूध ते घेत नसत. "दूध वासराचं. आपन काय वासरू हाय का?" अंडी-मटण तर घरातच नव्हतं. दुपारच्या डब्यात भाकरी, एखादी भाजी आणि हिरव्या मिरचीचा असा ठेचा, की बाजूला बसणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कुणी म्हणालं, "नाना, एवढं तिखट खाता म्हणून जळजळतं," तर खिशावर थाप मारून म्हणायचे, "जळतंय कुठं? धा वर्षं झाली, एक दिवस जळलं न्हाई. मशीनला ऑइल, मानसाला ही."

दुसरा कुणी तंबाखूची पुडी पुढे करतो, तशी नाना पट्टी पुढे करायचे. पाळी बदलताना कुणी छातीवर हात चोळताना दिसला की गेलेच तिकडे. "घे. उपाशीपोटी. अर्धा तास चहा न्हाई." दुसऱ्याच आठवड्यात कँटीनची मिसळ मला बाधली आणि मलाही एक गोळी मिळाली. वर्षअखेरीस माझ्या पर्समध्ये स्वतःची पट्टी होती. कुणी विचारलंच नाही, मीही विचारलं नाही. गोळी घेतली की बरं वाटायचं, एवढा पुरावा मला पुरेसा होता.

डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून पाकिटात ठेवली होती. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांचा दवाखाना कधीच बंद झाला होता. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नाना ती काचेवर ठेवायचे, मेडिकलवाला न बघताच पट्ट्या काढायचा. एकदा मी बरोबर होते. म्हटलं, "नाना, ही चिठ्ठी केवढी जुनी आहे!"

"चिठ्ठी जुनी झाली म्हनून आजार जुना व्हतो का?" ते म्हणाले आणि रुमालानं ती पुसून परत पाकिटात ठेवली.

असा माणूस अडून बसला की पार अडून बसायचा. एका दिवाळीच्या आधी मालकांना माल घाईनं पाठवायचा होता. टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. नानांनी अख्खा माल थांबवलेला. मालक स्वतः टेबलाशी आले. "नाना, मापात आहे ना सगळं? गेज बसतंय ना?"

"गेज बसतंय."

"मग?"

"मला बसत न्हाई."

मालकांनी एक पिन उचलली, उजेडात धरली, फिरवली. त्यांना काही दिसलं नाही. नानांनी मालकांची करंगळी धरली, एखाद्या लहान मुलाची धरावी तशी, आणि पिनेच्या भोकात घातली. "आता सांगा." मालकांनी करंगळी बाहेर काढली तेव्हा टोकावर रक्ताचा बारीक थेंब होता. टेम्पो रिकामा परत गेला. त्यानंतर मालक कधी टेबलाशी घाई करायला आले नाहीत. नाना मात्र दिवसभर एकच गोष्ट सांगत होते, "मालकाचं बोट मऊ हाय, पन खरं हाय."

मी तिथे चार वर्षं काढल्यावर काहीतरी बदलायला लागलं. एकदम नाही. पहिल्यांदा मला खटकलं ते हे, की नाना डोळे उघडे ठेवून तपासायला लागले. करंगळी भोकात आणि नजर करंगळीवर. पिन परत परत फिरवायचे. मग एक दिवस त्यांचा मायक्रोमीटर हातातून निसटला. तो मायक्रोमीटर ते कुणाला उसना देत नसत. त्यांनी थंडीला दोष दिला. तेव्हा एप्रिल होता.

शर्टाचं बटण एक घर वर लागलेलं असायचं. कारखान्यात बुटांवर राहायचे, तोवर ठीक होतं, पण घरी जाताना चपला घातल्या की एखादी चप्पल पायातून निघायची आणि ते तसेच दोन-चार पावलं पुढे जायचे. मागून कुणी हाक मारली की खाली बघायचे. "लादी लई गार हाय हितली, पाय बधिर व्हत्यात." पोटऱ्यांत गोळे यायचे. जिभेची आग व्हायची, त्याचा आळ ठेच्यावर गेला आणि नानांनी ठेचा बंद केला. तेव्हा मला खरी काळजी वाटली. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. एकदा भाजी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी जाते गं ह्यांची. बेसिन धरून उभे राहतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, माझ्याकडं चिठ्ठी हाय."

मग तो सोमवार आला. तीनशे पिनांचा लॉट नानांनी सही करून पुढे सोडला होता. पेट्या टेम्पोत चढत होत्या. एका पेटीचं झाकण नीट बसेना, म्हणून मी वरची पिन उचलून बाजूला केली आणि सवयीनं करंगळी भोकातून फिरवली. टोचलं. मी दुसरी उचलली. ती ठीक होती. तिसरी टोचली.

ती पिन हातात घेऊन मी टेबलापर्यंत गेले. वीस-पंचवीस पावलं असतील. ज्या माणसानं मला बोट दिलं, त्याला त्याचं बोट चुकलं हे कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं. पण उसाच्या ट्रॉल्याही डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"नाना, ही जरा बघता?"

त्यांनी पिन घेतली. करंगळी फिरवली. पुन्हा फिरवली. "बरी हाय की."

मी प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस आणला, बोटभर वात केली आणि त्यांच्यासमोर भोकातून ओढली. वात बाहेर आली, पण तिचे तंतू आत कडेला अडकून राहिले. पांढरे, बारीक, ट्यूबलाइटखाली लख्ख दिसणारे.

नाना त्या तंतूंकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःची करंगळी त्याच जागेवर मुद्दाम दाबली, आणि ती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर रक्त होतं. त्यांना ते बघूनच कळलं. दुखून नाही.

"कधीपासनं गं?" त्यांनी मला विचारलं, जणू मलाच ठाऊक असायला हवं.

ते उठले. गेटपर्यंत एका हातानं भिंत धरत गेले आणि टेम्पोच्या पुढ्यात उभे राहिले. सगळ्या पेट्या उतरवून घेतल्या. प्रत्येक पेटीवर लाल चिठ्ठी लावली आणि प्रत्येकीवर स्वतःची सही केली. मालक आले तेव्हा नाना सरळ म्हणाले, "चूक माझी हाय. ऑपरेटरची न्हाई, हिची न्हाई. माझी बोटं गेली."

तीनशेत बावीस पिना सापडल्या. मालक भला माणूस. म्हणाले, "नाना, तपासणी ही पोरगी करेल. तुम्ही नुसते बसा, सह्या करा." नानांनी ड्रॉवरमधून तपासणीचा शिक्का काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "बोट न्हाई तर सही न्हाई."

डॉक्टरकडे त्यांना मी नेलं. सावेडीत एक डॉक्टर बाई आहेत, आमच्या कारखान्याची वार्षिक तपासणी त्याच करायच्या. काकू बरोबर होत्या. नानांनी जाताच लॅमिनेट केलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. बाईंनी ती बाजूला सारली आणि आधी त्यांना खाटेवर झोपवलं.

"काका, डोळे मिटा. पायाचा अंगठा वर केलाय की खाली, सांगा."

"वर."

अंगठा खाली होता. चारदा विचारलं, तीनदा चुकले. मग बाईंनी दोन पायांचा एक स्टीलचा काटा हातावर आपटला. तो गुंजारव करायला लागला. त्यांनी तो नानांच्या घोट्यावर टेकवला. "थरथर जाणवते?"

नाना म्हणाले, "ह्याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी तोच काटा माझ्या घोट्यावर टेकवला. भुंगा पायात शिरल्यासारखं झालं. मी दचकून पाय मागे घेतला. नानांनी ते पाहिलं. "परत लावा," म्हणाले. परत लावला. "परत." तिसऱ्यांदाही लावला. तीस वर्षं मायक्रॉनची भाषा बोललेला माणूस खाटेवर पडून छताकडे बघत होता.

रक्ताचे रिपोर्ट दोन दिवसांनी आले. बी-ट्वेल्व तळाला गेलेलं. मॅग्नेशिअम कमी. तेव्हा बाईंनी ती चिठ्ठी हातात घेतली.

"ही गोळी किती वर्षं घेताय?"

"चौदा. एक दिवस चुकवली न्हाई," नाना ताठ बसून म्हणाले.

"आणि यावर काय लिहिलंय?"

"सकाळी एक. आन् माझं वय. बेचाळीस. तवा मी बेचाळीसचा हुतो."

बाईंनी चिठ्ठी त्यांच्याकडे फिरवली. "वय वर लिहिलंय, नावाशेजारी. हे बघा. खाली गोळीपुढे जे बेचाळीस आहे ते दिवस आहेत. सहा आठवडे."

नानांनी चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली. "मला वाटलं दोनदा लिहिलं आसंल. डॉक्टर लई काळजीवाले हुते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, ते मला तेव्हाही कळलं नाही.

बाईंनी मग शांतपणे सांगितलं. पोटातलं आम्ल नुसतं जळजळ करायला नसतं, अन्नातलं बी-ट्वेल्व सुटं करायला ते लागतं, आणि बी-ट्वेल्व कमी पडलं की नसा बधिर होतात. "तुम्ही अंडी-मांस खात नाही, दूध घेत नाही. येणारं आधीच थोडं. त्यात आम्ल चौदा वर्षं दाबून धरलं. मी एकट्या गोळीवर खापर फोडणार नाही, पण तिचा हात आहे. हाडं आणि किडनीही बघून घेऊ. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही, पण इतकी वर्षं घेतल्यावर बघायला हवं."

"म्हंजी गोळी वाईट?"

"चांगली आहे. माझ्या काही पेशंटना मी ती कायमची दिलीय, त्यांना गरज आहे म्हणून. पण मी त्यांना दर वर्षी बोलावते आणि अजून लागते का ते तपासते. तुम्हाला इतक्या वर्षांत कोणी विचारलं?"

नानांनी खूप विचार केला. "मेडिकलवाल्यानं इचारलं. एक पट्टी का दोन."

दुर्बिणीतून पोट बघायचं ठरलं, बी-ट्वेल्वची इंजेक्शनं सुरू झाली. गोळीचं काय करायचं ते पोट बघून ठरवू, तोवर चालू ठेवा, असं बाईंनी स्पष्ट बजावलं होतं. पण नाना ते नाना. दुसऱ्या दिवशी खिशातली पट्टी त्यांनी सगळ्यांसमोर भंगाराच्या पिंपात टाकली. "बंद म्हंजी बंद."

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते स्टूलवरून खाली बसले. छातीत आग, कपाळावर घाम, चेहरा पांढरा. मालकांच्या गाडीतून आम्ही त्यांना नेलं. मला वाटलं, हृदयच गेलं. कार्डिओग्राम ठीक निघाला. आग पोटाची होती. डॉक्टर बाई पहिल्यांदा चिडलेल्या पाहिल्या.

"मी बंद करा म्हणाले होते?"

"अर्धवट काम आमाला जमत न्हाई."

"इतकी वर्षं दाबलेलं पोट एकदम मोकळं सोडलं की ते दुप्पट आम्ल करतं, काका. मग माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय चालतच नाही. उतरायचं तर पायरी पायरीनं उतरायचं."

दुर्बिणीत जुनी जखम भरून आलेली दिसली. नवीन काही नव्हतं. मग पायऱ्या ठरल्या. आधी कमी ताकदीची गोळी, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. जेवण लवकर आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. हे शेवटचं नानांना फार आवडलं, कारण त्यात माप होतं. सुताराकडून दोन लाकडी ठोकळे करून घेतले, ते कारखान्यात आणले आणि मला हाइट गेजवर मोजायला लावले. "दोन सूत फरक हाय. एवढ्यानं मी वाकडा झोपलो असतो." सुताराकडे परत पाठवले. काकू माझ्याकडे तक्रार करायच्या, "मी सकाळपर्यंत पायथ्याला घसरून जाते गं."

इंजेक्शनं सुरू झाल्यावर आधी त्रास वाढला. मेलेल्या पायांत आग पडली, मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं. तरी ते रोज कामावर आले. तपासणीच्या टेबलाशी नव्हे, माझ्या मागे स्टुलावर. दोन नवीन मुलींना तपासणी शिकवत होते. त्यांना कापसाची वात ओढायला लावायचे. "बोटानं बघा, मंग कापसानं बघा. बोटावर आंधळा भरवसा ठेवू नगा. माझं बोट बी लई इमानदार हुतं." हे वाक्य ते सहज बोलून गेले. मी मात्र हातातली पिन पुन्हा एकदा कापसानं बघितली.

माझ्या पर्समधली पट्टी मी डॉक्टर बाईंना दाखवली. मला ती लागतच नव्हती. रिकाम्या पोटी दिवसाला आठ चहा लागत होते, ते बंद करायचे होते. आधी चहा सुटला, मग त्यांच्याच सांगण्यानुसार गोळी.

त्यानंतर नानांना नवं वेड लागलं. पाळी सुटली की ते कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी उभे राहायचे. कुणी ती गोळी मागितली की पुढे व्हायचे. "कोनी सांगितली? कधीपासनं? कुठवर?" एवढे तीनच प्रश्न. काही जण उत्तर द्यायचे, काही हाकलून द्यायचे. एकानं तर विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?" नाना म्हणाले, "न्हाई. मी रिजेक्टेड माल हाय." मेडिकलवाला वैतागला, पण नानांना हाकलायची त्याची छाती झाली नाही. चौदा वर्षं त्यानंच पट्ट्या दिल्या होत्या.

एकदा तिथे एक म्हातारी बाई आली. नानांनी तिला विचारलं. ती नऊवारीचा काष्टा सावरत ठणकावून म्हणाली, "मला रगत पातळ व्हायची गोळी चालू हाय, बाबा. मागं पोटातनं रगत गेल्तं माझ्या. डॉक्टर म्हनला, ही गोळी सोडायची न्हाई. दर सहा म्हयन्याला मला बलीवतो, तपासतो."

मला वाटलं, आता नाना वाद घालणार. त्यांनी दोन्ही हात जोडले. "मंग चुकवू नगा, मावशी. एक दिवस बी चुकवू नगा." आणि तिच्या हातातली पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली. मला वाटतं, पित्ताच्या गोळीबद्दल नानांना जे कळायचं होतं, ते त्या दिवशी पुरतं कळलं.

कारखान्यातही त्यांनी एक दिवस सगळ्यांना आपापली औषधं आणायला लावली. डॉक्टर बाईंना बोलावून आणलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ओळ लागली. सहा जण निघाले, ती गोळी वर्षानुवर्षं घेणारे. त्यांतल्या चौघांना पहिली गोळी नानांनी दिलेली. नाना त्या प्रत्येकाच्या बाजूला उभे राहून डॉक्टरना सांगत होते, "हेला मी दिली. लिवा, मी दिली." मी खूप माणसं पाहिली, चूक कबूल करणारीही पाहिली. चूक अशी एकेकाच्या शेजारी उभं राहून मोजून घेणारा दुसरा कुणी मला भेटलेला नाही.

वर्षभरात त्यांची गोळी पूर्ण सुटली. जळजळ क्वचित व्हायची, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं साधं औषध घ्यायचे. तोल परत आला. बटणं नीट लागायला लागली. तपासणीच्या डाव्या करंगळीच्या टोकाची जाणीव मात्र परत आली नाही. बाई म्हणाल्या होत्या, उशीर झालाय, सगळं परत येईलच असं नाही. नानांनी ते मान्य केलं. शिक्का परत मागितला नाही. पुढे ते निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन गावी गेले. मी आता त्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. भंडारदऱ्याकडून फाटा फुटतो, तिथून आत त्यांचं घर. भात काढून झालेलं, खाचरं मोकळी, बांधावर गवत वाळलेलं. नाना मला खालचं शेत दाखवायला निघाले. अनवाणी. म्हटलं, "चपला?" म्हणाले, "घरात हायेत." बुजलेल्या विहिरीची जागा दाखवत, भावकीतले बांधाचे तंटे सांगत, ते पुढे चालत होते, मी मागे.

आणि एकदम थांबले. डावा पाय उचलून बगळ्यासारखे उभे राहिले. मी धावले, वाटलं तोल गेला. त्यांनी हातानं मला थांबवलं. चेहरा वर करून ते नीट काहीतरी ऐकत असल्यासारखे उभे होते.

"काटा," ते म्हणाले. मग मोठ्यानं, घराच्या दिशेनं, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले, "अगं ए! काटा मोडला! माझ्या पायात काटा मोडला!"

काकू हातातलं सूप टाकून बांधावरून धावत आल्या. नाना खाली बसले होते, पाय मांडीवर घेऊन. बाभळीचा काटा, टाचेत, चांगला अर्धा इंच आत. काकूंनी पोतीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, त्यांचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि काटा कोरायला लागल्या.

"हळू गं," नाना कळवळले. "लई दुखतंय."

"दुखतंय?" काकूंनी हात थांबवून विचारलं.

"लई," नाना म्हणाले.

काकूंनी काटा काढला आणि तो टाकून न देता तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या.